रुपरावाच्या नाकावर टिच्चून घेतलेला तंबू

१ एप्रिल १९८१, बुधवार

आजपासून रोजनिशी. कारण आता घटना घडणार आहेत आणि त्या मी घडवणार आहे.

आमच्या पदभ्रमण मंडळाच्या फळ्यावर नोटीस लागली. जूनमध्ये हिमालय. मनालीच्या वर एक खिंड, तेरा हजार फूट. बर्फ, वारा, केव्हाही वादळ. आठ जण निवडणार. बापूजींनी (मंडळाचे संस्थापक, रिटायर्ड ड्रिल मास्तर, अजूनही शिट्टी गळ्यात) जाहीर केले की तंबू ज्याने त्याने स्वतः पारखून आणायचा. मे महिन्यात रामटेकला शिबिर. तिथे तंबूची परीक्षा, आणि तंबूवाल्याचीही.

ऐकताक्षणी ठरवले. मी तंबू घेणार, आणि तो रुपरावाच्या नाकावर टिच्चून घेणार.

रुपरावाशी माझे वैर डिसेंबरपासून. चिखलदऱ्याच्या शिबिरात मी चादर आणि दोन बांबू यांचा स्वतः तंबू उभारला होता. सकाळी वारा सुटला आणि तंबू माझ्यावर बसला. अंगावर काहीतरी जड, दवाने ओले आणि फडफडणारे. अशा वेळी कोणीही 'वाघ! वाघ!' असेच ओरडले असते. शेवटी तो मेळघाट आहे. रुपरावाने ते वर उचलले, नीट पाहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "वाघ नाही गा चंपत, सोलापुरी हाय."

तेव्हापासून ऑफिसात मी 'सोलापुरी वाघ'. चपराशीसुद्धा म्हणतो. आणि रुपराव ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर, नंदनवनात माझ्या शेजारच्या घरात. म्हणजे सुटका रविवारीही नाही.

योजना अशी: रामटेकला वादळ येईल. (मे महिन्यात येतेच.) रुपरावाचा तंबू उडेल. तो भिजत माझ्या दारात येईल. मी आतून एक वाक्य बोलेन. फक्त एक. वाक्य अजून ठरायचे आहे.

४ एप्रिल

रुपरावाच्या मेहुण्याने दिल्लीहून तंबू पाठवला. नायलॉनचा. नारिंगी. त्याने तो अंगणात लावला आणि सगळी गल्ली पाहायला गेली. मी गेलो नाही. खिडकीतून पाहिला.

गोपिका गेली. आमची ही कोणत्याही पक्षात असते, फक्त माझ्या नसते. येऊन म्हणाली, "काय हलका हाय जी! ताराबाईनं एका हातानं उचलला." तारा म्हणजे रुपरावाची बायको. मी म्हणालो, हलक्या गोष्टी हलक्या लोकांना शोभतात. गोपिकाने विचारले, मग आपण कोणता घेणार? मी म्हणालो, वेळ आली की दिसेल.

सायंकाळी रुपराव कुंपणाशी येऊन म्हणाला, "तुले काहून पाहिजे वेगळा तंबू? ह्याच्यात दोघं मावते. माह्यासंगच राह्य न." केवढा हा अपमान! त्याच्या तंबूत पाहुणा म्हणून? नम्रपणे नकार दिला. दात-ओठ आत ठेवून.

५ एप्रिल, रविवार

सकाळच्या बसने कामठी. तिथे बाजारात भैय्याजी म्हणून एक आहेत, फौजेचा लिलावातला माल विकतात. बूट, बादल्या, तंबू. मी सरळ सांगितले, जगातल्या वाईटातल्या वाईट हवेत टिकेल असा दाखवा.

त्यांनी दोन दाखवले. एक मळकट पांढरा, ठेंगणा, दोन-तीन माणसांचा. त्याला दारच नाही. दाराच्या जागी उशीच्या अभ्र्यासारखी लांब बाही, तिच्यातून रांगत आत जायचे आणि आतून नाडी आवळायची. दुसरा खरा तंबू. जाड हिरवे कॅनव्हास, मधोमध दोन खांब, उभे राहून टोपी घालता येईल एवढी उंची.

भैय्याजी म्हणाले, "भाऊ, पहाडात जायचं असन तर हा छोटा घ्या. बर्फातल्या पलटणीचा माल हाय. मोठ्याले वारा पकडते, अन् वजन तुमाले पकडते." दुकानदार लहान वस्तू गळ्यात का मारतात हे मला चांगले माहीत आहे. शिवाय बाहीतून रांगत बाहेर येऊन कोणाला मानाने वाक्य कसे ऐकवणार?

हिरवा घेतला.

६ एप्रिल

तंबू बस स्टँडवरून सायकल रिक्षाने आला. मी मागून पायी आलो, कारण रिक्षात जागा नव्हती.

लगेच गच्चीवर उभारला. गच्चीच्या स्लॅबमध्ये मेखा जात नाहीत हे भैय्याजींनी सांगायला हवे होते. एक दोर पाण्याच्या टाकीला, एक जिन्याच्या दाराला, दोन रुपरावाच्या बाजूच्या कठड्याला. तंबू भव्य दिसतो. गल्लीतून दिसतो. रुपराव आपल्या अंगणातून मान वर करून पाहत होता. पहिला विजय.

गोपिकाचे म्हणणे, तंबूखाली तिच्या कुरडया वाळत होत्या. त्या आता वाळत नाहीत.

१२ एप्रिल, रविवार. दुपारी १२.१०

आज उष्णतेची परीक्षा. बर्फात जायचे तर उन्हाची परीक्षा कशाला, असे गोपिका विचारते. तिला शास्त्र कळत नाही. जो तंबू नागपूरचे ऊन झेलेल तो काहीही झेलेल. थर्मामीटर, पाण्याचा तांब्या, खिशात कांदा घेऊन आत बसलो आहे. सगळी दारे बंद. एक तास बसणार.

१२.२५. त्रेचाळीस. उत्तम.

१२.४०. पारा वर. मला रुपरावाचा चेहरा स्पष्ट दिसतो आहे. वाक्य सुचले: "कोण? रुपराव? आज भेटीची वेळ नाही."

१२.५०. पाणी संपले. वाक्य पुन्हा सुच

१३ एप्रिल

ऊन लागले होते. गोपिकाने दोर कापून मला बाहेर ओढले. दोर कापायची गरज नव्हती, पण ती घाबरली होती. खाली आणायला रुपरावाला बोलावले. म्हणजे त्याने मला खांद्यावर टाकून जिना उतरवला. मला शुद्ध नव्हती म्हणून, नाहीतर मी परवानगी दिली नसती.

मग म्हणे तो तासभर उशाशी बसून पंख्याने वारा घालत होता, आणि ताराने कैरीचे पन्हे पाठवले. गोपिका हे कौतुकाने सांगते. तिला कळत नाही की त्याला मला आडवे पडलेले पाहायचे होते. डिसेंबरमध्ये एकदा पाहिले, पोट भरले नाही.

सुडाचे कारण क्रमांक दोन.

१५ एप्रिल

अंगात ताकद आली. वजनाची परीक्षा. तंबू पाठीवर घेऊन अंबाझरी तलावापर्यंत चालत जायचे ठरवले होते. फाटकापर्यंत गेलो.

आमच्या फाटकापर्यंत.

गोपिका ओट्यावर तांदूळ निवडत होती. म्हणाली, "हिमालय लय दूर हाय जी."

१९ एप्रिल

हिरवा तंबू परत. भैय्याजी काही बोलले नाहीत, फक्त छोटा समोर ठेवला. हा त्यांचा स्वभाव मला आवडला नाही. बोलले असते तर उत्तर तयार होते.

छोटा घेतला. अर्थात पहिल्या दिवसापासून माझा कल याच्याकडेच होता. हिरव्याची फक्त खात्री करून घेतली. दोन कापडे, मध्ये हवा. खालचे कापड भिंतींना शिवलेले, म्हणजे पाणी आत नाही. बाहीचे दार वारा आत येऊ देत नाही. मेखा लोखंडी. बाहीतून रांगण्याचा सराव खोलीत केला. गोपिकाची बहीण नेमकी तेव्हाच आली.

२६ एप्रिल, रविवार

थंडीची परीक्षा. नागपुरात एप्रिलमध्ये थंडी कुठे? विचार केला, आणि उत्तर सापडले: कोल्ड स्टोरेज. कळमन्याच्या बाजूला एक आहे, आलू आणि संत्र्यांचे. मॅनेजर ओमप्रकाश ओळखीचा. त्याला सांगितले, मला आलूंमध्ये दोन तास बसू दे. त्याने हिंदीत विचारले, घर में झगड़ा हुआ क्या? मी म्हणालो, प्रयोग आहे.

पोत्यांच्या दोन रांगांमध्ये तंबू लावला. मेखांच्या जागी आलूची पोती. रांगत आत, नाडी आवळली, दोन स्वेटर, कानटोपी. बाहेर पारा चारवर. आत हळूहळू ऊब. खरे सांगतो, इतकी चांगली झोप मला नागपूरच्या उन्हाळ्यात कधी लागलेली नाही.

ओमप्रकाशला वाटले मी निघून गेलो. कुलूप लावून तो जेवायला गेला. मी चार तासांनी दार वाजवले. हमालांनी आतून आवाज ऐकून आधी हनुमान चालिसा म्हटली, मग दार उघडले.

तंबू पास. नाक मात्र अजून लाल.

२७ एप्रिल

ओमप्रकाश रुपरावाबरोबर पत्ते खेळतो. हे मला कोणी सांगितले नव्हते. आज ऑफिसात टेबलावर बसलो तोच रुपराव म्हणाला, "काय गा, आलू काय म्हणत होते?" संपूर्ण सेक्शन हसले. हेड क्लार्कसुद्धा. ते एरवी पगाराच्या दिवशीही हसत नाहीत.

सुडाचे कारण क्रमांक तीन. आता दयामाया नाही.

६ मे

वाक्यावर काम चालू. आधीचे फार सरकारी वाटते. नवे: "पाय पुसून या, रुपराव." चांगले आहे, पण त्यात 'या' येते, म्हणजे बोलावल्यासारखे होते.

संडासात मोठ्याने म्हणून पाहिले. गोपिकाने बाहेरून विचारले, "कोणाशी बोलून राहिले जी? रुपरावभाऊ तर घरी नाही."

९ मे

वाक्य सापडले!! "ये रुपराव. पण आत वाघ आहे, चालेल न?"

याहून चांगले होऊच शकत नाही. पाच महिन्यांचा अपमान एका वाक्यात त्याच्या तोंडावर. रोज सकाळी दहा वेळा म्हणणार.

१८ मे, सोमवार

काल रामटेक. आज रजा. अंग ठणकते आहे, पण सगळे लिहून काढले पाहिजे.

खिंडसी तलावाच्या काठी शिबिर. पाच तंबू. रुपरावाचा नारिंगी सर्वांत उंचावर, माझा मळकट पांढरा झाडांच्या रांगेच्या आडोशाला. भैय्याजींनी जागा कशी निवडायची ते सांगितले होते: खोलगट नको, एकटे झाड नको, वाऱ्याकडे पाठ. मी बाहीतून आत-बाहेर केले तेव्हा लोक हसले. हसू दिले.

दुपारी साडेतीनला पश्चिमेकडे आकाश काळे झाले. आधी धूळ, मग वारा, मग गारा. लिंबाएवढ्या. माझे काळीज आनंदाने उडत होते. दोन तंबू बसल्या जागी आडवे झाले. मग नारिंगी फाटला. शिवणीपासून, टर्रर्र करून, आणि तलावावरून पतंगासारखा गेला. मी नाडी सैल करून बाहीतून डोके बाहेर काढले. योजनेप्रमाणे अक्षर न् अक्षर.

रुपराव धावत आला. पण एकटा नव्हता. बापूजींना हाताला धरून ओढत होता, आणि स्वतःचा शर्ट काढून त्यांच्या डोक्यावर धरला होता. त्याच्या उघड्या पाठीवर गारा पडत होत्या. कपाळावरून रक्त. दारापाशी येऊन तो थांबला. माझ्याकडे पाहिले. काही मागितले नाही.

मी तोंड उघडले. वाक्य तयार होते. रोज दहा वेळा म्हटलेले.

मी म्हणालो, "ये गा, लवकर ये, आत ये."

हे कसे झाले मला माहीत नाही. गारांच्या आवाजाने गोंधळ झाला असावा.

आत तिघे बसलो. तेवढ्यात वाऱ्याकडची मेख सैल झाली. जमीन भिजून मऊ झाली होती. मी बाहेर गेलो आणि दोर हाताला गुंडाळून धरून बसलो. अर्धा तास. गारा डोक्यावर. आतून रुपराव ओरडत होता, "चंपत, तू आत ये गा, मी धरतो!" मी नाही म्हणालो. त्याचा उपकार घेतला असता तर पुढे सूड कोणत्या तोंडाने घेतला असता?

वादळ थांबल्यावर बापूजी बाहीतून बाहेर आले, शिट्टी वाजवली आणि म्हणाले, "तंबू असा पारखावा लागते." मग माझ्या पाठीवर थाप मारली. तिथेच गार लागली होती.

२० मे

निवड जाहीर. आठ नावांत माझे तिसरे. रुपरावाचे पाचवे! तिसरे ते पाचवे यांत दोनचे अंतर आहे, हे गोपिकाला समजावून सांगितले. शनिवारी फक्त डॉक्टरची तपासणी, फॉरमॅलिटी.

वाक्य तेरा हजार फुटांवर बोलणार. रामटेक ही रंगीत तालीम होती.

२३ मे

डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, फुगवला, पाहिले. पुन्हा फुगवला. मग चष्मा काढून विचारले, "कुणाचा राग आहे का मनात?"

मी म्हणालो, कोणाचाही नाही.

त्यांनी विचारले, झोप लागते? मी म्हणालो, कोल्ड स्टोरेजमध्ये लागली होती. त्यांनी काहीतरी लिहिले. रक्तदाब इतका की खिंडीच्या उंचीवर पाठवले तर माणूस परत येणार नाही, असे म्हणाले. अनफिट. पाच दिवसांनी पुन्हा दाखवा, तोवर मीठ बंद, मन शांत.

२५ मे

मीठ बंद. सकाळी डोळे मिटून वीस मिनिटे शांत बसलो. मनात कोणाविषयीही वाईट विचार आणायचा नाही असे ठरवले. रुपरावाविषयी तर मुळीच नाही. वीस मिनिटे रुपरावाविषयी वाईट विचार न आणता बसलो. उठलो तेव्हा कानशिले ठणकत होती.

२८ मे

पुन्हा तपासणी. पाच पॉइंट जास्त.

२९ मे, शुक्रवार

संध्याकाळी बापूजी आले. खुर्चीत बसून बराच वेळ शिट्टीशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "चंपतराव, तुमच्या तंबूसारखा तंबू मंडळाकडे नाही. तो मिळाला तर पोरं बिनघोर जातील." म्हणजे तंबूची निवड कायम. माझी रद्द.

रुपराव दारातच उभा होता. कपाळावरची जखम सुकत आली आहे. म्हणाला, "मी बी नाही जात. तुह्याशिवाय काय मजा हाय?" आणि तो खरेच म्हणत होता. त्याचा चेहरा पाहून कळते. त्याला खोटे बोलता येत नाही, हा त्याचा मोठा दोष आहे.

आता लक्षात घ्या. मी फक्त 'बरं' म्हणायचे होते. तंबू माझ्याकडे, रुपराव घरी, हिमालय दोघांनाही नाही. असा सूड आयुष्यात एकदाच हाती येतो. गोपिका आतल्या दाराशी उभी राहून माझ्याकडे पाहत होती.

मी म्हणालो, "जा. पण मेखा वाऱ्याकडच्या आधी ठोक. अन् बर्फात मेख टिकत नाही, दोराला दगड बांधून पुर."

रात्री विचार करता लक्षात आले की हाच खरा, वरच्या दर्जाचा सूड आहे. पंधरा दिवस त्याला माझ्या तंबूत झोपावे लागणार. माझ्या! प्रत्येक सकाळी माझ्या बाहीतून रांगत बाहेर यावे लागणार. मी हे सगळे आधीच हेरले होते, बहुधा.

२ जून

स्टेशनवर गेलो. तंबू मीच बांधला होता, त्यांना घडी नीट येत नाही. गाडी सुटताना रुपरावाने खिडकीतून माझा हात धरला तो प्लॅटफॉर्म संपेपर्यंत सोडला नाही. मला धावावे लागले. रक्तदाबवाल्या माणसाला.

११ जून

ऑफिसात शेजारचे टेबल रिकामे. कामात लक्ष लागायला हवे, आता कोणी चिडवणारे नाही. लागत नाही. चपराशाने वाघ म्हटले नाही. त्याला विचारले, तब्येत बरी आहे ना?

पेपरात मनालीकडे हवामान खराब असल्याची तीन ओळींची बातमी. तारा दोनदा येऊन विचारून गेली, भावजी, काही कळलं का? मी म्हणालो, तंबू माझा आहे, काळजी करू नका. ती गेल्यावर बातमी आणखी चार वेळा वाचली. तीन ओळीच होत्या.

१९ जून, शुक्रवार

रुपरावाचे कार्ड आले. शाई पसरलेली.

'चंपत, खिंडीच्या खाली दोन दिवस बर्फाचं वादळ झालं. बाकी तंबू पहिल्याच दिवशी गेले. फक्त तुहा राहिला. तीन-तीन जण पाळीनं आत, बाकीचे दगडाच्या आडोशाले. मले ताप भरला म्हणून पोरांनी मले दोन्ही दिवस आतच ठेवलं. डॉक्टर म्हणते बाहेर असतो तर वाचलो नसतो. तू सांगितलं तसे दोराले दगड बांधून पुरले होते. आता बरा हाय. सोमवारी निघतो. ताराले तापाचं सांगू नको. तुहा, रुपराव.'

ताराला सांगू नको असे लिहिले होते, पण गोपिकाने कार्ड आधी वाचले होते, आणि मोठ्याने, आणि अंगणात. तारा धावत आली. पदराने तोंड दाबून वाकली आणि माझ्या पायांना हात लावला. मग गल्लीतले सगळे आले. कोणीतरी हार आणला. हेड क्लार्क सायकलवरून आले आणि हात जोडून उभे राहिले. मी भिंतीला टेकून उभा होतो, गळ्यात हार.

मी रुपरावाचा जीव वाचवला. मुद्दाम नव्हे, एवढे इथे लिहून ठेवतो.